नाहीशी झालेली बी कुठे गेली? जंगलातल्या उंदीर-खारींचा बीप्रसारातला वाटा मोजण्याची पद्धत

झाडाखाली शंभर बिया ठेवल्या आणि आठवड्यानं वीसच उरल्या, की नोंदवहीत सहसा लिहिलं जातं : ‘ऐंशी बिया उंदरांनी खाल्ल्या.’ हे खरं असेलही, पण ऐंशी या आकड्यातून ते सिद्ध होत नाही. उचललेली बी चार ठिकाणी जाऊ शकते. ती तिथल्या तिथे फोडून खाल्ली जाते, दगडाआड नेऊन खाल्ली जाते, खोल बिळात साठवली जाते किंवा पाचोळ्याखाली बोटभर मातीत पुरली जाते आणि मग तशीच राहून जाते. पहिल्या तिन्ही प्रकारांत झाडाची बी वाया गेली. चौथ्यात मात्र तिला मोफत पेरणी मिळाली, तीही मूळ झाडापासून दूर, उन्हापासून आणि भुंगेऱ्यांपासून लपवून. म्हणून ‘किती बिया गेल्या’ एवढ्यावर न थांबता ‘गेलेल्यांचं काय झालं’ इथपर्यंत पोचणारी पद्धत खाली दिली आहे. सह्याद्रीतली देवराई, सामूहिक वनहक्काचं जंगल किंवा महाविद्यालयाजवळचा राखलेला डोंगर, कुठेही ती करता येते.

बिया पुरण्याची सवय असलेल्या कृंतकांचा, म्हणजे उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांचा, पुरावा भक्कम आहे. पनामात ताडाच्या कुळातल्या एका झाडाच्या बियांना रेडिओ-खुणा लावून केलेलं संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झालं. त्यात एक बी अगूटी नावाच्या सशाएवढ्या कृंतकांनी ३६ वेळा पुरली-उकरली. तिचा एकूण प्रवास ७४९ मीटर झाला आणि शेवटी ती मूळ जागेपासून २८० मीटरवर सापडली. पण सह्याद्रीत अगूटी नाही, म्हणून तिथला निष्कर्ष उचलून इथे लावू नये. आपल्याकडचे उंदीर मुख्यतः बी फोडून खाणारे आहेत असं धरूनच कामाला लागावं, आणि पुरलेली बी डोळ्यांनी दिसली तरच ‘प्रसार’ हा शब्द वापरावा.

इथे बिया उचलतं कोण

रात्री काळा उंदीर आणि त्याचे पांढऱ्या पोटाचे रानातले भाऊबंद, पांढऱ्या शेपटीचा उंदीर, राठ केसांचे रानटी छोटे उंदीर, उघड्या गवताळ कडेला हरणउंदीर. घाटमाथ्याच्या दाट जंगलात एक झाडावर चढणारा उंदीर आहे. त्याच्या शास्त्रीय नावात सातारा आहे, १९१८ साली त्याचं वर्णन झालं आणि आज तो ‘असुरक्षित’ (व्हल्नरेबल) गणला जातो. ‘उंदीर’ म्हणून सगळ्यांना एका रकान्यात टाकू नये, त्याचं हे एक कारण. दिवसा पट्ट्यांच्या खारी. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो, तो फळं झाडावरच फोडतो आणि त्याचे उरलेले तुकडे खाली पडतात. साळिंदर हाही कृंतकच, पण आकारानं मोठा, त्यामुळे प्रयोगात तो ‘मोठ्या प्राण्यां’च्या बाजूला मोजावा लागतो.

झाडं निवडताना

दोन जाती पुरेत, पण स्वभावानं वेगळ्या हव्यात. जांभूळ आणि बेहडा ही जोडी फार चांगली.

जांभळाची बी मऊ सालीची असते. ती पावसाच्या तोंडावर पडते आणि ताजी असतानाच रुजते. वाळवून ठेवली की दोनेक आठवड्यांत तिचा दम संपतो. म्हणजे उंदरांना ती मिळण्याचा काळ थोडका. बेहड्याची फळं हिवाळ्यात पिकतात, बी कठीण कवचाची, आणि रुजते ती पावसाळ्यात. मधले कित्येक महिने ती उघड्यावर पडून असते. साहजिकच पुरली जाण्याचा फायदा बेहड्याला जास्त आणि खाल्लं जाण्याचा धोकाही जास्त. बेहड्याचा प्रयोग फेब्रुवारीत सुरू करून जुलैपर्यंत चालवा, जांभळाचा जूनमध्ये.

बी ज्या हंगामात झाडावरून पडते त्याच हंगामात ठेवा. डिसेंबरात जांभळाची जुनी बी ठेवून मिळालेला आकडा निरुपयोगी ठरतो, कारण त्या वेळी जंगलात दुसरं काय खायला आहे यावर उचल ठरते.

परवानगी आणि जिवाची काळजी

अभयारण्यात बी उचलायलासुद्धा वनविभागाची लेखी परवानगी लागते. राखीव वनासाठी परिक्षेत्र कार्यालयात अर्ज करा आणि सोबत जागेचा नकाशा, बियांची संख्या, पिंजऱ्यांची संख्या जोडा. देवराईत ग्रामसभा आणि देवाचे मानकरी यांच्याशी आधी बोला. बऱ्याच देवरायांतून काडीही बाहेर नेत नाहीत, तिथे बिया जागेवरच वापरता येतील अशी आखणी करा. या पद्धतीत उंदीर पकडायचे नाहीत. पकडणं हे वेगळं काम आहे आणि त्याला वेगळी परवानगी व प्रशिक्षण लागतं.

२०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात आणि २०१५ पासून शेजारच्या गोव्यातल्या सत्तरीत माकडताप माहीत आहे. तो गोचिडांमुळे पसरतो आणि जानेवारी ते मे हा त्याचा जोर असतो, म्हणजे नेमका बेहड्याच्या प्रयोगाचा काळ. पँट मोज्यांत खोचा, पाचोळ्यावर बसू नका, घरी आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करून काखा, जांघा, कानामागची जागा तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. पावसाळ्यात उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) होतो. पायाला जखम असेल तर गमबूट घालूनच जा. बिळात हात कधीच घालायचा नाही, फुरसं आणि घोणस दोन्ही तिथेच असतात.

बिया तयार करणं

जांभळाच्या ५०० आणि बेहड्याच्या ७०० बिया गोळा करा, किमान आठ-दहा वेगवेगळ्या झाडांखालून. एका झाडाखाली पडलेल्यांपैकी चौथ्या हिश्शापेक्षा जास्त उचलू नका. गर साध्या पाण्यात चोळून काढा, साबण नको. हातमोजे घाला. माणसाच्या हाताचा वास लागला की उंदीर कधी बिचकतात, कधी उलट ओढले जातात, आणि दोन्ही बाबतींत आकडा बिघडतो.

किड्यानं पोखरलेल्या बिया बाजूला काढा. गोल, गुळगुळीत कडेचं भोक म्हणजे भुंगेरा आतून बाहेर पडला आहे. उरलेल्यांतून २० बिया कापून पाहा. आत दळ भरलेलं आणि ताजं असेल तर गठ्ठा चांगला. ३० बिया सावलीतल्या वाफ्यात जाळीखाली पेरा. ही तुलनेची जागा फार महत्त्वाची आहे. तिथेच तीसपैकी दहाच बिया रुजल्या, तर जंगलात न रुजलेल्या बियांचा दोष उंदरांवर टाकता येणार नाही.

तीन प्रकारच्या जागा

प्रत्येक ठाण्यावर, म्हणजे बिया ठेवायच्या प्रत्येक ठिकाणी, दहा-दहा बियांच्या तीन राशी, एकमेकींपासून पाच मीटरवर :

– बंद पिंजरा : पाव इंची, म्हणजे ६ मिलिमीटरची जाळी, वर झाकण. आत फक्त मुंग्या आणि किडे जातात. अर्धा इंची जाळी स्वस्त मिळते, पण तिच्यातून उंदराची पिल्लं आत शिरतात.
– अर्धबंद पिंजरा : बाजूंना ५ सेंटिमीटर चौकटीची वेल्डमेश, वर बारीक जाळी. उंदीर आणि पट्ट्यांची खार आत जाते. डुक्कर, भेकर, साळिंदर बाहेर राहतात.
– उघडी जागा : चार खुंट्या आणि मधे बिया.

पिंजरा ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच असावा. जाळीचा खालचा १५ सेंटिमीटरचा भाग बाहेरच्या बाजूला वळवून मातीत दाबा आणि वर दगड ठेवा. बंद पिंजऱ्यात उंदीर शिरतो तो जाळी कुरतडून नव्हे, जवळजवळ नेहमी कडेखालून उकरून. वानर किंवा माकडं फिरत असतील तर ती अर्धबंद पिंजऱ्यात हात घालतात. तिथे पिंजरा मीटरभर रुंद करा, म्हणजे मधल्या बियांपर्यंत हात पोचणं कठीण होईल. बिया वाटीत ठेवू नका, पाण्यानं भरून कुजतात. पाचोळ्यावरच, नैसर्गिक पडल्यासारख्या, वीतभर व्यासात पसरा. उतारावर वरच्या बाजूला बोटभर उंचीची मातीची बांधोळी घाला. नाहीतर पहिल्या सरीत वाहून गेलेल्या बिया ‘उंदरांनी नेल्या’ म्हणून नोंदल्या जातात.

ठाणी बारा करा : सहा त्याच जातीच्या फळलेल्या झाडाखाली आणि सहा तशा कोणत्याही झाडापासून किमान ३० मीटर दूर. दोन ठाण्यांमध्ये ५० मीटर अंतर हवं, नाहीतर एकच उंदीर तीन ठाण्यांवर जेवतो आणि तुम्ही त्याला तीन समजता. कोणत्या ठाण्यावर कोणती रास कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. ‘इथे पिंजरा नीट बसतो’ म्हणून जागा निवडली की सपाट जागा पिंजऱ्यांना आणि खडकाळ जागा उघड्या राशींना जाते.

एका जातीला १२ × ३ × १० म्हणजे ३६० बिया लागतील. पण हिशोबात नमुन्याची संख्या ३६० नाही, १२ आहे. एका राशीतली पहिली बी सापडली की बाकीच्या नऊ त्याच तोंडी जातात. त्या स्वतंत्र घटना नाहीत. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्वांत जास्त चुकतं ते इथे.

अर्धबंद पिंजऱ्यात आणखी एक खोट आहे. वरून जाळी असल्यानं उंदराला घुबडाची भीती वाटत नाही, त्यामुळे तो तिथे जास्त वेळ बसून खातो. हा परिणाम किती ते कळण्यासाठी दोन-तीन ठाण्यांवर उघड्या राशीशेजारी आणखी एक रास ठेवा, तिच्यावर फक्त जाळीचं छप्पर, बाजू मोकळ्या.

ठेवणं आणि तपासणं

दुपारी चारच्या सुमारास ठेवा. पहिले तीन दिवस सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला मोजा. संध्याकाळी शाबूत असलेल्या बिया सकाळी नसल्या तर उंदीर (उघड्या राशीत साळिंदर किंवा डुक्करही), दिवसा गेल्या तर खार, वानर किंवा रानकोंबडी. पुढे पाचव्या, सातव्या, दहाव्या, चौदाव्या, एकविसाव्या आणि तिसाव्या दिवशी. तारखेसोबत तिथीही लिहा. चांदण्यात उंदीर उघड्यावर कमी येतात. पौर्णिमेला सुरू केलेला आणि अमावस्येला सुरू केलेला प्रयोग सरळ शेजारी ठेवू नये.

कॅमेरा ट्रॅप (प्राणी हलला की आपोआप चित्र टिपणारा कॅमेरा) असेल तर तो राशीपासून दीड मीटरवर, जमिनीपासून ३०-४० सेंटिमीटर उंच, किंचित खाली झुकवून बांधा. याहून जवळ लावला तर बहुतेक कॅमेऱ्यांत चित्र धूसर येतं आणि रात्रीच्या दिव्यानं उंदीर पांढरा फटक दिसतो. दिव्यावर बटर पेपरचे एक-दोन थर चिकटवा. फोटोपेक्षा २० सेकंदांचा व्हिडिओ ठेवा. बी तिथेच फोडली की तोंडात धरून नेली, हे त्यातच कळतं. समोरचं गवत कापा. नाही कापलं तर वाऱ्यावर हलणाऱ्या पात्यांनी कार्ड भरून जातं.

खूण बांधून बीचा माग काढणं

हे काम बेहड्यावर करा, जांभळावर नाही. मऊ बीला भोक पाडलं की बुरशी आत शिरते. कॅमेरा आणि पिंजऱ्यांपासून वेगळी सहा ठाणी घ्या, प्रत्येकी पंधरा बिया.

हातड्रिलनं अर्धा ते एक मिलिमीटरचं भोक कवचाच्या कडेला, अंकुराच्या टोकापासून दूर पाडा. आधी चार-पाच बिया उभ्या चिरून अंकुर कोणत्या टोकाला असतो ते पाहून घ्या. भोकातून १० सेंटिमीटरची बारीक पोलादी तार ओवा आणि दुसऱ्या टोकाला साधारण ३ × २ सेंटिमीटरची पातळ प्लास्टिक पट्टी बांधा. पट्टीवर क्रमांक न पुसणाऱ्या पेनानं दोन्ही बाजूंनी. तार आणि पट्टी मिळून वजन बीच्या दहाव्या हिश्शाच्या आत हवं. बी हलकी असेल तर पट्टी अर्धी कापा. सुती दोरा वापरू नका, उंदीर तो पहिल्या रात्रीच कातरतो. बी पुरली गेली तरी पट्टी पाचोळ्यावर दिसत राहते. फ्लोरोसंट रंगाची पट्टी असेल तर अंधारात अतिनील टॉर्चखाली दहा मीटरवरूनही चमकते.

खुणेमुळेच उचल वाढते का कमी होते हे तपासायला प्रत्येक ठाण्याशेजारी पंधरा बिनखुणेच्या बिया ठेवा. शिवाय दहा खुणेच्या बिया वाफ्यात पेरा. भोकानं त्या मेल्या, तर जंगलात न रुजलेल्यांचा अर्थ बदलतो.

शोध पहिल्या सकाळीच घ्या, मग तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या दिवशी. ठाण्याभोवती आठ दिशांच्या पट्ट्या आखून ३० मीटरपर्यंत चाला. पडक्या ओंडक्यांची बगल, मोठ्या मुळांमधले कोनाडे, खडकांच्या भेगा, कारवीचं रान, बांबूचं बेट, वारुळाचा पाया. उघड्या पायवाटेवर वेळ घालवू नका, उंदीर तिथे बसून खात नाही. सापडलेल्या प्रत्येक बीचं अंतर टेपनं, दिशा होकायंत्रानं, आणि स्थिती पुढीलपैकी एका शब्दात : जागेवर, जागेवर खाल्ली, नेऊन खाल्ली, नेऊन जमिनीवर उघडी टाकली, पुरली, बिळात, सापडली नाही.

पुरलेली बी उकरू नका. बोटानं माती जराशी बाजूला सारून खोली मोजा आणि परत झाका. खुणेची काडी त्याच जागी न रोवता उत्तरेला २५ सेंटिमीटरवर रोवा. उकरलेल्या मातीचा वास आणि काडी हे दोन्ही दुसऱ्या उंदरांना बोलावणं ठरतं. बऱ्याच पुरलेल्या बिया आठवड्यात पुन्हा उकरल्या जातात, म्हणून पुरलेली बी हा शेवटचा निकाल नाही. जुलैपर्यंत दर पंधरा दिवसांनी पाहा.

दातांच्या खुणा

उंदराच्या दातांच्या जोडीनं पडलेल्या, मिलिमीटरभर रुंद समांतर चऱ्या कवचाच्या भोकाभोवती दिसतात. भोकाची कड खरबरीत, आत दळ नाही. साळिंदराच्या चऱ्या त्याच धाटणीच्या पण कितीतरी रुंद. डुकरानं चावलेलं कवच चुरगळलेलं, तिथे चरी नसते. जांभळाच्या बाबतीत घाई करू नका. त्याच्या एका बीत अनेकदा एकाहून अधिक गर्भ असतात, त्यामुळे अर्धी कुरतडलेली बीसुद्धा रोप देऊ शकते. असे तुकडे वाफ्यात लावून तीन आठवडे थांबा आणि मगच ‘मेली’ लिहा.

हिशोब

आकडे उदाहरणापुरते घेऊ. समजा बेहड्याच्या बंद पिंजऱ्यांतून शंभरामागे ८ बिया गेल्या किंवा किडल्या, अर्धबंदमधून ६१, उघड्यावरून ७८. किड्यांचा वाटा ८. छोट्या कृंतकांचा ६१ वजा ८, म्हणजे ५३. मोठ्या प्राण्यांचा ७८ वजा ६१, म्हणजे १७. ही वजाबाकी ठाण्यागणिक करा, मग बारांची सरासरी आणि त्यांतला फरक द्या. नुसती एकूण बेरीज दिली की एकाच ठाण्यावरची उंदरांची चंगळ पूर्ण जंगलाची वाटू लागते.

आता माग काढलेल्या बिया. समजा हललेल्या ६० पैकी २४ खाल्लेल्या सापडल्या, ९ पुरलेल्या, २७ सापडल्याच नाहीत. तर ‘१५ टक्के प्रसार’ असं लिहिणं चूक आणि ‘८५ टक्के भक्षण’ हेही चूक. पुरल्या गेलेल्यांचं प्रमाण ६० मध्ये किमान ९ आणि कमाल ३६, असा पट्टाच द्यावा लागतो. पट्टा फार रुंद आला तर शोधाची त्रिज्या वाढवा किंवा बिया कमी करून शोधाचे तास वाढवा. त्या नवांपैकी जुलैत किती रुजल्या, हा खरा आकडा. तो शून्य आला तर शून्यच लिहा. आपल्या जंगलात हा आकडा किती लहान आहे हे कळणं रोपवनाच्या आखणीसाठी मोलाचं आहे.

हे कळल्यावर पेरणीत काय बदलायचं

जूनमध्ये बीजगोळे फेकण्याचे कार्यक्रम गावोगाव होतात. त्या गोळ्यांची परीक्षा याच पद्धतीनं होऊ शकते : दहा गोळे बंद पिंजऱ्यात, दहा अर्धबंदमध्ये, दहा उघडे, आणि शेजारी त्याच जातीच्या दहा बिया मातीत टोकून. मातीचा गोळा पहिल्या जोरदार पावसात विरघळतो आणि बी पृष्ठभागावर उघडी पडते, म्हणजे उंदराला सर्वांत सोपी. कोरडा गोळाही दातांनी फुटतो. शिवाय जांभळासारखी बी एप्रिल-मेत गोळ्यात भरून वाळवली तर ती फेकण्याआधीच मेलेली असते. ते नुकसान उंदरांच्या नावावर जाऊ नये, म्हणून गोळ्यांतल्या बियाही वाफ्यात पेरून पाहा.

टोकायचं असेल तर गर पूर्ण काढा, वासानं उंदीर येतात. खोली बीच्या जाडीच्या दोन ते तीन पट. खड्ड्यात मूठभर नको, एक-एक बी, दोन मीटरच्या अंतरानं. पहिला चांगला पाऊस होऊन माती ओली झाली की लगेच पेरा. जांभूळ ओल्या गोणपाटात अंकुर फुटेपर्यंत ठेवून मग लावली तर धोक्याचे दिवस कमी होतात. मोजक्या, दुर्मीळ बियांसाठी पाव इंची जाळीचा शंकू पुरे, २० सेंटिमीटर उंच आणि पायथा ५ सेंटिमीटर मातीत.

झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमॅडिओलोन जंगलात टाकू नका. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर पहिल्यांदा घुबडाच्या, रानमांजराच्या, धामणीच्या तोंडी जातो. ब्रोमॅडिओलोनचा अंश खाणाऱ्याच्या शरीरातही राहतो. शिकारी कमी झाले की पुढच्या हंगामात उंदीर वाढतात.

शंकू अंकुर दिसताच काढायचा नाही. रोपाला चिकटलेली बीजदलं हेही उंदराचं खाद्य आहे आणि ती ओढताना तो कोवळं खोड कापतो. बीजदलं वाळून गळली, खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या आणि खोडाचा बुंधा तपकिरी झाला की जाळी उचला आणि सगळ्या तारा-पट्ट्या मोजून परत आणा.